खुराड्याची फळी

गावाकडून, ता. तेल्हारा
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

प्रिय माया,
सप्रेम जयभीम.

तुझे गुडघे कसे आहेत? तुझ्या लेकाच्या, स्वप्निलच्या, घराला दोन जिने आहेत असं कळलं, म्हणून आधी गुडघ्यांचंच विचारते. स्वप्निलच्या छातीतली जळजळ थांबली का? त्याला म्हणावं, ऑफिसातला चहा कमी कर. सूनबाईचा, आकांक्षाचा, खोकला गेला का? आणि नातीचे, प्रियदर्शनीचे, पुढचे दात आले, की अजून बोळकं घेऊनच शाळेत जाते? सगळ्यांचं मी वेगवेगळं विचारलं आहे, तूही वेगवेगळं सांग. ‘आम्ही मजेत’ म्हणून एका ओळीत गाठोडं बांधू नको.

इकडे तुझ्या भासऱ्यांची, म्हणजे आमच्या ह्यांची, साखर ताब्यात आहे, जीभ नाही. पोळ्याच्या पुरणपोळ्या लपवून ठेवल्या तर कोठीतून हुडकून काढल्या. मी बरी आहे.

तुला चार फोन केले, चारही तू काटलेस. पत्र काही काटता येत नाही, फार तर फाडता येतं, आणि तू कागद फाडणारी नाहीस. एसटीच्या पाट्या वाचून अक्षरं शिकलेली बाई मी, ऱ्हस्व-दीर्घ पोटात घाल.

मुद्दा तुझ्या कुत्र्याचा, बादलचा आहे. तू गेलीस त्याला आज पंचवीस दिवस झाले. तुझ्या बसमागे तो नाल्यापर्यंत पळाला, आणि परत येऊन तुझ्या कुलपासमोर बसला तो बसलाच. आठ दिवस तुझ्या भासऱ्यांनी भाकरी टाकली. आता मी टाकते. मी टाकते, हे ऐकून तुला हसू येईल. येऊ दे.

झालं ते झालं. माझ्या अकरा कोंबड्यांतल्या सहा एका संध्याकाळी गेल्या, आणि बादलच्या तोंडात कोंबडी मी या डोळ्यांनी पाहिली. मग खोड मोडावी म्हणून मेलेली कोंबडी त्याच्या गळ्यात बांधली, ती काही मी काढलेली रीत नाही. आपल्या सासूनंही बांधली होती. तोंडानं मी जे बोलले ते मात्र बोलले. त्यावर पुन्हा कधी.

अकोटच्या एका जिनिंगवर नत्थुजी नावाचा चौकीदार आहे, तुझ्या भासऱ्यांच्या ओळखीचा. त्याला रखवालीला कुत्रा पाहिजे. म्हणतो, “रक्ताची चव लागेल असन त आणखीनच चांगलं.” टिनाच्या शेडखाली दिवसभर साखळीला बांधायचा आणि रात्री कापसाच्या गंजीभोवती सोडायचा. दसरा झाला की पाच ऑक्टोबरच्या रविवारी तो टेम्पो घेऊन येणार. तुझ्या भासऱ्यांनी स्वप्निलला फोन केला, तो म्हणाला, “मोठेबाबा, देऊन टाका.” तुला विचारलं की नाही, ते त्यानं सांगितलं नाही.

आता माझ्या डोक्यात एक किडा वळवळतो आहे. कुत्रा आणि कोंबडी एका परसात राहूच शकत नाहीत का? की कुणी राहू देत नाही म्हणून राहत नाहीत? जन्म गेला कोंबड्या पाळण्यात, पण हे मी कधी पाहिलंच नाही. नेहमी एकाला बांधलं आणि दुसऱ्याला कोंडलं. पाच ऑक्टोबरपर्यंत पाहते. राहिले तर नत्थुजी रिकामा टेम्पो घेऊन जाईल. नाही राहिले तर तू सांगशील तसं.

एक गंमत पाहा. कोंबडी समोरून आली की बादल मान खाली घालतो आणि भिंतीला अंग घासत निघून जातो. केल्या कर्माची लाज जनावरालाही असते, असं मी तुझ्या भासऱ्यांना म्हटलं. ते नुसतं “हं” म्हणाले.

उत्तर टाक.
तुझी जाऊ,
पंचफुला


रविवार, ७ सप्टेंबर २०२५

प्रिय माया,
जयभीम. गुडघे? जळजळ? खोकला? दात?

तुझं पत्र नाही. असू दे. मला सांगायला इतकं आहे की मी थांबू शकत नाही.

२९ ऑगस्टच्या शुक्रवारी दवाखान्यातल्या संध्या मॅडम जनावरांना टोचायला गावात आल्या होत्या. आपल्या अंगणातच बसवलं, चहा दिला आणि विचारलं, “मॅडम, कुत्र्याले कोंबड्यांत राहाले शिकवता येते का?”

मला वाटलं हसतील. हसल्या नाहीत, उलट मलाच प्रश्न विचारायला लागल्या. “आजी, कोंबड्या मेल्या तेव्हा परसात पिसं उडाली होती का? कुत्रा झटके देऊन मारतो, त्याला तो खेळ वाटतो. सगळीकडे पिसं होतात.”

मी म्हटलं, आठवत नाही. (आठवतं.)

“दात कुठं लागले होते? अंगाला की मानेला?”

मी म्हटलं, अंधार होता. (कंदील माझ्या हातात होता.)

“आणि कुत्रा आत शिरला कसा?”

मी म्हटलं, “चहा थंडा होते, मॅडम.”

मग त्यांनी बादलला जवळ बोलावलं. त्याचं नाक धरून उजेडात वळवलं. नाकाडावर तीन बारीक रेघा आहेत, भरलेल्या, एकीशेजारी एक. “हे कोंबडीचं काम नाही,” त्या म्हणाल्या. मग कुणाचं, ते मी विचारलं नाही.

गळ्यात कोंबडी बांधल्याचं तुझ्या भासऱ्यांनी सांगून टाकलं. मॅडम म्हणाल्या, “आजी, उद्या तुमच्या गळ्यात कुणी मेलेलं काही दोन दिवस बांधलं, आणि कशासाठी ते सांगितलंच नाही, तर तुम्ही काय शिकाल?”

“बांधणाऱ्याले भ्याचं,” मी म्हटलं.

“आणखी?”

“ज्याचा वास आला, त्याले भ्याचं.”

बोलता बोलता माझं मलाच उमगलं, माया. बादल कोंबडीला लाजत नव्हता, भीत होता. मॅडमसमोर मी मास्तरीणला, त्या लाल भांडखोर कोंबडीला गं, काखेत धरून जवळ नेलं, तर एवढा मोठा कुत्रा थरथर कापला आणि जागीच मुतला. मी त्याला कोंबडी खाऊ नको हे शिकवायला निघाले होते. शिकवायचं होतं ते उलटंच.

मॅडमनी सांगितलं त्याप्रमाणे सुरू केलं आहे. आधी मधे जाळी. जाळी हातभर जमिनीत पुरायची, कारण कुत्रा खालून उकरतो. तुझे भासरे दोन दिवस खड्डा खणत होते आणि दोन दिवस मला बोलत होते. सकाळी बादलला पोटभर खाऊ घालून, शेताच्या धुऱ्यापर्यंत फिरवून, दमवून आणायचं आणि दोरीनं जाळीशेजारी बसवायचं. पलीकडे कोंबड्या चरतात. तो शांत राहिला की हळूच भाकरीचा तुकडा. कोंबडी पळाली आणि त्यानं नुसतं पाहिलं, तर मोठा तुकडा. कोंबड्यांना पळवायचं नाही, हाकलायचं नाही, कारण पळती कोंबडी दिसली की कुत्र्याचे पाय आपोआप उठतात. आणि कितीही शहाणा झाला तरी पहिले काही महिने त्यांना एकटं सोडायचं नाही.

पहिले तीन दिवस त्यानं जाळीकडे पाठ केली. चौथ्या दिवशी एक कान वळवला. आज दोन्ही. मी जात्यावर बसून पाहत असते. तुझे भासरे म्हणतात, “एवढं त तू माह्याकडे लग्नातबी पाह्यलं नाई.”

पत्र लिही गं.
पंचफुला


शुक्रवार, १९ सप्टेंबर २०२५

माया,
जयभीम. तुझं पत्र आलं! पोस्टमननं हाक मारली तेव्हा मी पीठ मळत होते, तशाच हातांनी घेतलं. कोपऱ्यावर कणकेचा डाग पडला आहे.

एकच ओळ. ‘बादलले दूध देऊ नका, त्याले पचत नाई.’

सात वेळा वाचली. मी देत होते की दूध! प्रायश्चित्त म्हणून रोज वाटीभर. आणि रोज परसात जे निस्तरावं लागत होतं, त्याचा दोष तुझ्या भासऱ्यांनी टाकलेल्या शिळ्या वरणाला देत होते. तुझ्याजवळ माझी प्रकृती विचारायला शाई नव्हती, पण त्याच्या पोटाची होती. बरं वाटलं. खरंच सांगते.

दूध बंद. आता इथली बातमी. जाळी काढली. दोरी मात्र हातात असते. परवा मास्तरीण तरातरा चालत आली आणि बादलच्या टोपल्यातली भाकरी खायला लागली, त्याच्या नाकाखालून! मी दोरी आखडून धरली. बादलनं माझ्याकडे पाहिलं. कपाळाला आठी आलेला कुत्रा तू पाहिला आहेस का? मग तो उठला, दोन पावलं मागं सरला आणि बसला. मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, “शाब्बास त्याची, पण आजी, दोघांचं खाणं वेगळं ठेवा. भांडण नेहमी ताटावरूनच होतं.” हे तर मला सांगायला नको. आपण दोघींनी एका चुलीवर अकरा वर्षं काढली आहेत.

आपल्या चिमणी कोंबडीची पिल्लं निघाली आहेत, आठ. त्यातलं एक मुठीत धरून मी त्याच्यासमोर बसले. त्यानं हुंगलं आणि मग असं चाटलं की पिल्लू ओलं चिंब झालं. त्याला पदरात गुंडाळून उन्हात धरलं.

आता हे वाच. मॅडमचे प्रश्न माझी पाठ सोडत नव्हते. म्हणून चुलीतली राख चाळली आणि तीन संध्याकाळी खुराड्याभोवती पातळ पसरली. सकाळी पाहायचं. दोन सकाळी फक्त बादलची पावलं दिसली, नखं उमटलेली. कुत्र्याची नखं आत जात नाहीत, म्हणून ती उमटतात. तिसऱ्या सकाळी दुसरी पावलं. लहान, गोल, आणि नख एकही नाही. खुराड्याला तीन फेरे. खुराड्याच्या दाराला लावतो त्या फळीपाशी पुढचे दोन पाय टेकवून उभं राहिल्याची खूण. आणि त्यावरून बादलची पावलं धावत गेलेली, थेट बाभळीच्या कुंपणापर्यंत.

फोटो मॅडमना पाठवला. “रानबोका,” त्या म्हणाल्या. “तो मान धरतो, पिसं उडू देत नाही. नाकावर ओरखडे कुणाचे ते कळलं का आता?”

कळलं. बादल त्या संध्याकाळी कोंबड्या खायला गेला नव्हता. रानबोक्याशी लढला होता. तोंडातली कोंबडी त्यानं बोक्याकडून सोडवली होती, आणि माझ्या दारात आणून ठेवायला निघाला होता.

तुझ्या भासऱ्यांना मी राख दाखवली. ते खाली बसले आणि बोटानं एकेक पाऊल मोजलं. मग म्हणाले, “पण मंग फयी कोनं पाडली? बोक्यानं त पडत नाई थे. फयीले दगड असते.”

मी म्हटलं, पोळ्या करपून राहिल्या, आणि आत आले.

आज एवढंच. उत्तर दोन ओळींचं टाक, एका ओळीनं माझं भागत नाही.
पंचफुला


रविवार, २८ सप्टेंबर २०२५

माया,

आज प्रकृती विचारत नाही. आधी हे लिहिते, नाहीतर पुन्हा पोळ्या करपतील.

वर्षावासाचे तीन महिने सुरू आहेत. विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं, आणि रविवारी माझी पाळी. तुला माहीत आहे मला त्याचं किती कौतुक. पाट्या वाचून शिकलेली बाई पंचवीस-तीस माणसांपुढं बसून वाचते, आणि शिकलेली पोरं मान डोलावतात. सत्तावीस जुलैला माझाच रविवार होता. मी पांढरं पातळ नेसले, चष्मा पुसला, मनातल्या मनात पान घोकत निघाले. वाटेत तू हाक मारलीस, “बाई, कोंबड्या कोंडल्या का?” मी म्हटलं, “हो गं.”

कोंडल्या नव्हत्या. आत गेल्या होत्या, पण फळी मी लावली नव्हती. तशीच भिंतीला टेकून होती. परत आल्यावर लावू म्हटलं. वाचन लांबलं. लोक म्हणाले आणखी एक पान वाचा, आणि मी वाचलं.

परत आले तेव्हा कंदिलात आधी उघडं खुराडं दिसलं. मग बादल. आणि तोंडातली कोंबडी. माया, मी लगेच ओरडले नाही. आधी फळी उचलली, खुराड्यापुढे आडवी टाकली, दगड बाजूला लोटला. पाडल्यासारखं दिसेल असं केलं. मग ओरडले.

लोक जमले. “कुत्र्यानं फयी पाडली,” असं पहिल्यांदा कोण म्हणालं मला आठवत नाही, पण मी नाही म्हटलं नाही. तू त्याच्या अंगावर आडवी पडलीस. “बाई, त्याच्या गयात काहून बांधता? माह्या गयात बांधा. त्याले पोसलं त मीनं.” आणि सगळ्यांसमोर मी तुला म्हटलं, “तुह्यानं ना मानूस सांभाळून झालं, ना कुत्रं.”

माझा दीर, तुझा नवरा, गेला तो तापानं. तीन रात्री तू त्याचे पाय चोळत बसली होतीस, आणि चौथ्या रात्री मी तुला बळेच झोपवलं होतं. मला हे सगळं माहीत असून मी ते बोलले. सहा कोंबड्या गेल्याचं दुःख नव्हतं ते. उद्या लोक म्हणतील, वाचायला गेली आणि खुराडं उघडं टाकून गेली, ही भीती होती.

तेव्हापासून दर रविवारी वाचनाआधी पंचशील म्हणताना चौथ्या शीलावर, खोटं न बोलण्याच्या, माझी जीभ अडते. सगळे म्हणतात आणि मी नुसते ओठ हलवते. कुणाच्या लक्षात आलं नाही. आज तर मी गेलेच नाही, डोकं दुखतं म्हणून सांगितलं. म्हणजे आणखी एक.

बादलला महिनाभर मी शिकवत होते असं मला वाटलं. तो कुणाला दोष देत नाही. माझ्या हातची भाकरी खातो. हेच मला जास्त लागतं.

पत्र आधी तुला, कारण पहिला हक्क तुझा. आता बाकीच्यांना. कसं, ते अजून कळत नाही. शेतातून यायचे आहेत तुझे भासरे.

पंचफुला


बुधवार, ८ ऑक्टोबर २०२५

प्रिय माया,
सप्रेम जयभीम. आता प्रकृती. गुडघ्यांना तिळाचं तेल लाव, कोमट करून. स्वप्निलची जळजळ, आकांक्षाचा खोकला, आणि प्रियदर्शनीचे दात हे तिन्ही लिहून कळव.

रविवारी नत्थुजी आला. टेम्पो, साखळी, आणि आणखी एक माणूस धरायला. टेम्पो आला म्हणताच अर्धी गल्ली जमली. तीच माणसं, जी त्या संध्याकाळी जमली होती. मी मनात म्हटलं, बरं झालं, वेगवेगळं बोलवायला नको.

नत्थुजी बादलला पाहून म्हणाला, “हा त कोंबड्यांत बसून हाय! असा काय कामाचा?”

“कामाचाच हाय. म्हनून द्याचा नाई,” मी म्हटलं.

तुझे भासरे गोंधळले. “अगं, शब्द देला त्याले.”

“तुमी शब्द देला थो माह्या शब्दावर. माहा शब्द खोटा व्हता. फयी बादलनं नाई पाडली. मीनं लावलीच नव्हती, आन् वाचून आल्यावर मीनंच आडवी टाकली.”

मला वाटलं होतं लोक हसतील, थुंकतील. कोपऱ्यावरची म्हातारी तेवढी म्हणाली, “आन् मंग माया कुठी हाय?” मी तुला जे बोलले ते ज्याला त्याला आठवलं. तुझे भासरे आत गेले, पाणी प्याले, बाहेर आले आणि नत्थुजीला म्हणाले, “चाल, चहा घे. कुत्रा नाई, चहा भेटन.” माझ्याशी ते दोन दिवस बोलले नाहीत. काल बोलले. म्हणाले, “फयीले आता कडी लावतो. दगडाचा भरोसा नाई, अन् तुहाबी नाई.” एवढ्यावर सुटले, असं मी समजते.

काल अश्विन पौर्णिमा, वर्षावासाचा शेवटचा दिवस. वाचन मी दुसरीला दिलं. पण पंचशील म्हटलं, पाचही, मोठ्यानं.

आता तुझ्या बादलचं शेवटचं सांगते. फळीला कडी बसली तरी माझी विसरण्याची खोड गेलेली नाही. काल विहारात निघायच्या आधी दिवा लावत होते, तर बादल परसात भुंकायला लागला. थांबेना. गेले तर खुराडं उघडं, कोंबड्या आत आणि हा दारात. कडी लावली, गप्प झाला. परवा कडी नव्हती, फळी तशीच राहिली होती, तेव्हाही भुंकला. आजही. त्याला मी हे शिकवलेलं नाही, मॅडमनीही नाही.

आणि मग तो काय करतो ते तुला माहीत असावं म्हणून लिहिते. खुराड्याला एक फेरा मारतो, पिल्लांच्या डाल्याला नाक लावतो, आमचं दार पाहतो. सगळं मोजून झालं की तुझ्या दारासमोर जाऊन बसतो, कुलपाकडे तोंड करून. झोपत नाही. कुणीतरी एक अजून आत यायचं राहिलं आहे, असा त्याचा हिशेब आहे.

मी त्याला चुकीचं म्हणत नाही.

तुझ्या घराची ओसरी मी सारवून ठेवली आहे. तेल्हाऱ्याची बस कितीला निघते ते स्वप्निलला विचार. यायचं नसलं तरी तसं लिही. रागावली असशील तर राग लिही, तुझ्या अक्षरात मी तोही वाचेन. पण या पत्राला उशीर करू नको, माया. रोज संध्याकाळी त्याला काय सांगायचं, ते मला सुचत नाही.

तुझीच,
पंचफुला